आंघोळीच्या खेळण्यांत पुन्हा पुन्हा होणारी काळी बुरशी: लक्षणे, तपासणी आणि उपाय

बाहेरून स्वच्छ आणि रंगीत दिसणारे रबरी बदक मुलाने टबात दाबले की त्याच्या पोटातून काळसर पाण्याची धार येते आणि त्या पाण्यात काळे पापुद्रे तरंगू लागतात. पालक खेळणे साबणाने धुतात, रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवतात, काही दिवस सारे ठीक चालते आणि मग तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. ठाण्यातील आमच्या पाळणाघरात उन्हाळाभर मुले पाण्याच्या टबात खेळतात आणि घरून आणलेली खेळणीही त्यात असतात, त्यामुळे हा दोष मी अनेक वर्षे, अनेक प्रकारच्या खेळण्यांत पाहत आणि दूर करत आले आहे. तो परत येण्याचे कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघते: खेळणे धुतले जाते, पण आतून वाळत नाही. पुढील तपासण्या सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासण्यांपासून सुरू होतात. त्या याच क्रमाने कराव्यात, कारण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच बहुतेक घरांतील कारण सापडते आणि पुढच्या खटाटोपाची गरज उरत नाही.

लक्षणे

सर्वांत ओळखीचे लक्षण म्हणजे खेळणे दाबल्यावर येणारे करडे वा काळसर पाणी आणि त्यातील पातळ काळे तुकडे. भोकाजवळ नाक नेऊन खेळणे हलकेच दाबल्यास कुबट वास येतो. आंघोळ होऊन तास-दोन तास उलटले तरी खेळणे हलवल्यावर आत पाणी खळखळते. फिकट पिवळ्या किंवा पांढऱ्या खेळण्याच्या मानेच्या वळणावर, चोचीच्या मागे किंवा तळाच्या जोडावर आतील काळे ठिपके बाहेरून अंधूक दिसू लागतात.

या लक्षणांशी गल्लत होणाऱ्या तीन गोष्टी आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. खेळण्यावर किंवा टबाच्या कडेला गुलाबी, बुळबुळीत थर दिसला तर ती सहसा बुरशी नसून जंतूंची वाढ असते. सेराशिया मार्सेसेन्स हा न्हाणीघरात नेहमी आढळणारा जंतू असा गुलाबी रंग देतो. पांढरा, खरखरीत थर हा जड पाण्यातील क्षारांचा असतो आणि बोअरचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत तो फार लवकर साठतो. खेळणे कोरडे असतानाही बाहेरून चिकट लागत असेल, तर प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली द्रव्ये बाहेर येऊ लागली आहेत असे समजावे. असे खेळणे कितीही धुतले तरी सुधारत नाही, ते काढून टाकावे.

पहिली तपासणी: पांढऱ्या वाटीत पाणी पिळणे

खेळण्यात स्वच्छ पाणी ओढून घ्यावे, अर्धा मिनिट जोरात हलवावे आणि ते पाणी पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत पिळावे. स्टीलच्या वाटीत बारीक करडे कण दिसत नाहीत, म्हणून पांढरीच वाटी घ्यावी. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च खेळण्याला टेकवून ते सावकाश फिरवावे. पातळ प्लास्टिक उजेडात पारदर्शक दिसते आणि आतील डाग ओळखू येतात.

या तपासणीला काहीच खर्च नाही, तरीही ती सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आतील वाढ बाहेरून दिसेपर्यंत ती बरीच जुनी झालेली असते. पाणी स्वच्छ आले आणि वास नसला, तर खेळणे अजून वाचवता येते. काळे तुकडे आले, तर त्या खेळण्याचा निकाल जवळपास लागलेला असतो. पण तो लावण्याआधी दुसरी तपासणी करावी, कारण काळा कण म्हणजे बुरशीच, असे प्रत्येक वेळी नसते.

दुसरी तपासणी: काळे कण नळातून तर येत नाहीत ना?

नळाच्या किंवा हँड शॉवरच्या तोंडाला पांढरा सुती रुमाल बांधून पाच-दहा मिनिटे पाणी सोडावे. रुमालावर काळे, बोटाने चुरडल्यास काजळीसारखे पसरणारे कण दिसले, तर ते बहुधा नळातील जुना रबरी वॉशर किंवा शॉवरच्या लवचिक नळीचे आतील रबर झिजल्याचे असतात. पाण्यातील क्लोरीनमुळे रबर हळूहळू खराब होत जाते. गरम पाण्याच्या नळातून पांढरट पापुद्रे येत असतील, तर ते गीझरमध्ये साठलेल्या क्षारांचे असतात. अशा घरांत नवे खेळणे आणूनही पहिल्याच आठवड्यात त्यात कण सापडतात आणि पालक खेळण्याला दोष देत राहतात. वॉशर बदलणे हे स्वस्त काम आहे आणि ते आधी करून घ्यावे.

तिसरी तपासणी: खेळणी नेमकी कोणत्या पाण्यात जातात?

हा मुद्दा आपल्याकडच्या घरांत विशेष महत्त्वाचा आहे आणि परदेशी पद्धतीच्या सूचनांत तो सहसा आढळत नाही. लहान मुलाला आधी तेल चोळायचे, मग डाळीचे पीठ आणि साय लावून न्हाऊ घालायचे आणि त्याच वेळी ते रमावे म्हणून टबात खेळणी सोडायची, अशी अनेक घरांतली पद्धत आहे. त्या पाण्यात तेल, पीठ, दुधाचा अंश, साबण आणि अंगावरचा मळ असे सगळे मिसळलेले असते. पिचकारीसारखे उडणारे प्रत्येक खेळणे हेच पाणी पोटात ओढून घेते आणि ते पिळून काढल्यावरही तेलकट, पिठूळ थर आत चिकटून राहतो. जंतू आणि बुरशी यांना वाढायला ओलावा, ऊब आणि अन्न लागते. यांतले अन्न आपणच पुरवलेले असते.

२०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील एआवाग ही जलसंशोधन संस्था, ईटीएच झुरिक आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ येथील संशोधकांनी अशा खेळण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही खेळणी घरांतून गोळा केलेली होती, तर काही प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात आणि काही साबण व शरीरद्रव्ये मिसळलेल्या वापरलेल्या पाण्यात ठेवलेली होती. खेळण्यांच्या आतील पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला ५० लाख ते साडेसात कोटी इतक्या पेशींचा दाट थर आढळला. घरांतील सुमारे ६० टक्के खेळण्यांत बुरशी होती आणि वापरलेल्या पाण्यात ठेवलेल्या सर्व खेळण्यांत ती आढळली. त्याच अभ्यासात असेही दिसले की मऊ प्लास्टिकमधून पाझरणारी कार्बनी द्रव्ये हेही जंतूंचे अन्न बनते. म्हणजे पाणी स्वच्छ असले तरी थर धरतोच, मळक्या पाण्यात बुरशीला अधिक वाव मिळतो एवढेच.

उपाय साधा आहे. तेल-पिठाची आंघोळ आधी उरकावी, ते पाणी टाकून द्यावे आणि खेळणी त्यानंतरच्या स्वच्छ पाण्यात द्यावीत. मुलाला खेळायला पाच मिनिटे मिळाली तरी पुरतात. ज्या घरांनी एवढा एक बदल केला, त्यांच्याकडील खेळणी लक्षणीयरीत्या जास्त टिकतात, हा माझा स्पष्ट अनुभव आहे.

चौथी तपासणी: खेळणे वाळते का आणि कुठे वाळते?

आंघोळीनंतर खेळणे रिकाम्या हवेत भोक खाली धरून पाच-सहा वेळा जोरात पिळावे. पाण्याच्या आत धरून पिळले तर ते तेवढेच पाणी परत ओढून घेते. मुले आणि घाईत असलेले मोठे नेमके हेच करतात. त्यानंतर भोक खाली येईल अशा रीतीने खेळणे जाळीच्या पिशवीत टांगावे आणि ती पिशवी न्हाणीघराबाहेर, गॅलरीत किंवा पंख्याखाली अडकवावी. बादलीत, झाकणाच्या डब्यात किंवा टबाच्या तळाशी खेळण्यांचा ढीग करून ठेवणे हे बुरशीला आमंत्रण आहे, कारण ढिगाच्या तळचे खेळणे दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंतही वाळत नाही.

मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता सहसा ८० टक्क्यांच्या वर असते. त्या दिवसांत नुसते टांगून भागत नाही. बारीक भोक असलेल्या पोकळ खेळण्याच्या आतली हवा ओलीच राहते. म्हणून पावसाळ्याचे चार महिने भोकाची खेळणी पूर्णपणे बाजूला ठेवावीत आणि मुलांना प्लास्टिकचे पेले, गाळणी, चमचे, टमरेल अशा उघड्या वस्तू द्याव्यात, असे मी प्रत्येक पालकाला सांगते. मुले पाणी ओतण्यात आणि भरण्यात जितकी रमतात तितकी बदकातही रमत नाहीत. पुणे, नाशिक किंवा विदर्भात उन्हाळ्यात हाच प्रश्न जवळपास उद्भवत नाही, कारण कोरड्या हवेत खेळणे लवकर वाळते. उन्हात तासभर ठेवणे चांगलेच, मात्र मऊ प्लास्टिक दिवसभर कडक उन्हात ठेवल्यास कडक होते व त्याला चिरा पडतात आणि अशा चिरांमध्ये पुन्हा ओल साठते.

लाकडी खेळणी या कामासाठी नाहीतच. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे आणि बाहुल्या कितीही आकर्षक असल्या तरी त्या पाण्यात देऊ नयेत. लाकूड फुगते, रंगाचा थर सुटतो आणि खाली ओल मुरते.

पाचवी तपासणी: धुण्याची पद्धत

येथवरच्या गोष्टी ठीक असूनही दोष येत असेल, तर धुण्याकडे पाहावे. अनेक जण थेट निर्जंतुकीकरणाकडे वळतात आणि साबणाची पायरी गाळतात. आतील थर बुळबुळीत आणि चिकट असतो. तो घासून वा साबणाने सैल केल्याशिवाय त्यावर ओतलेले कोणतेही द्रव्य वरवर वाहून जाते. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी घासण्याचा पातळ साबण घातलेले कोमट पाणी खेळण्यात ओढून, हलवून, पिळून काढावे आणि पाणी निवळ येईपर्यंत हे करत राहावे. उघड्या खेळण्यांच्या कडा व खाचा जुन्या, मऊ दातांच्या ब्रशने घासाव्यात.

क्षारांचा पांढरा थर असल्यास व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन खेळणे अर्धा तास भिजवावे. व्हिनेगर क्षार उत्तम विरघळवते आणि क्षारांच्या खरखरीत थरावर जंतू अधिक घट्ट धरतात, म्हणून ही पायरी उपयोगाची आहे. मात्र निर्जंतुक करण्यासाठी व्हिनेगरवर विसंबू नये. आत रुजलेली बुरशी त्याने खात्रीने मरत नाही.

घरात कुणाला संसर्ग झालेला असेल किंवा खेळणी अनेक मुलांनी हाताळलेली असतील, तरच ब्लीच वापरावे. साधारण ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले घरगुती ब्लीच १ लिटर थंड पाण्यात १० मिली, म्हणजे चहाचे दोन चमचे, या प्रमाणात घ्यावे. साबणाने धुतलेले खेळणे त्यात आतून-बाहेरून १० मिनिटे भिजू द्यावे. मग वाहत्या पाण्याने वास जाईपर्यंत खळबळून पूर्ण वाळवावे. मिश्रण दर वेळी ताजे करावे, हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि हे काम मुले जवळ नसताना करावे. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये. त्याचप्रमाणे हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या टॉयलेट क्लीनरचा थेंबही त्यात जाऊ देऊ नये. आम्लाशी संयोग होताच ब्लीचमधून क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा, बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशीही ब्लीच मिसळू नये.

उकळणे हा उपाय फक्त सिलिकॉनच्या खेळण्यांसाठी आहे, तेही उत्पादकाने तशी मुभा दिली असेल तर. साधी मऊ पीव्हीसीची खेळणी उकळत्या पाण्यात वेडीवाकडी होतात आणि त्यांचे जोड उघडतात. फोमची अक्षरे आणि प्राणी धुता येतात, पण मुलाने चावून तुकडे पाडलेला फोम आत पाणी धरतो आणि सुटलेला तुकडा घशात अडकू शकतो, म्हणून चावलेला फोम टाकावाच.

सहावी तपासणी: खेळणे कापून पाहणे

शंका उरलीच असेल, तर संचातील सर्वांत जुने खेळणे कात्रीने उभे कापावे. हे काम एकदा केलेल्या पालकाला पुढे काही समजावून सांगावे लागत नाही. पोट बरेचदा स्वच्छ असते. काळे ठिपके मानेच्या आतील वळणात, चोचीच्या टोकात आणि तळाच्या जोडाच्या कडेने दाटलेले असतात, म्हणजे पिळताना जिथे बोटांचा दाब पोहोचत नाही तिथे. नख फिरवले तर पारदर्शक, बुळबुळीत साय निघते आणि तिच्याखाली डाग प्लास्टिकमध्ये मुरलेला दिसतो. असा डाग ब्लीचने फिका पडतो, पण थर मुळापासून निघाला आहे की नाही हे भोकातून कधीच कळत नाही. म्हणूनच ज्या खेळण्यातून काळे तुकडे येतात ते वाचवू नये. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूसाठी दर आठवड्याला मुलाच्या तोंडापाशी ही शंका बाळगण्यात अर्थ नाही. कापलेल्या संचातील बाकीची खेळणी त्याच वयाची आणि त्याच वापराची असतील, तर त्यांचीही स्थिती तीच आहे असे धरावे.

नवे खेळणे घेताना आणि भोक बुजवताना

भोक नसलेली, एकसंध किंवा दोन भागांत उघडून पुसता येणारी खेळणी घ्यावीत. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेव्हा ते चिन्ह पाहूनच खरेदी करावी. रस्त्यावरील बिनचिन्हाच्या मऊ खेळण्यांत काय मिसळले आहे हे कळायला मार्ग नसतो. मात्र हे चिन्ह खेळण्याच्या सुरक्षिततेविषयी असते, ते आतून वाळेल की नाही याविषयी नव्हे.

ग्लू गनने भोक बुजवण्याचा उपाय बराच प्रचलित आहे. तो एकाच स्थितीत योग्य ठरतो: खेळणे नवे आहे, एकदाही पाण्यात गेलेले नाही आणि आतून कोरडे आहे. वापरलेल्या खेळण्याचे भोक बुजवल्यास आतील ओल कायमची आत राहते आणि बुरशी बाहेरून दिसेनाशी होते. शिवाय वाळलेल्या गोंदाचा मणी सैल झाला, तर तो तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकण्याइतका लहान असतो. त्यामुळे बुजवलेले प्रत्येक खेळणे दर आंघोळीआधी अंगठ्याने दाबून तपासावे आणि हे नित्य होणार नसेल तर बुजवूच नये. शिट्टी वाजणाऱ्या खेळण्यातील गोल चकतीलाही हीच काळजी लागू आहे.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

बॅटरीवर चालणाऱ्या, दिवे लागणाऱ्या किंवा पाणी उडवणाऱ्या खेळण्यात पाणी शिरले असेल आणि बॅटरीच्या कप्प्यात पांढरी वा हिरवट पूड दिसत असेल, तर ते दुरुस्त करू नये. गळलेल्या बॅटरीतील द्रव्य त्वचा भाजते. खेळणे मुलापासून दूर करून ई-कचऱ्यात द्यावे. बटणासारखी गोल बॅटरी कप्प्यातून नाहीशी झाली असेल आणि मुलाने ती गिळल्याची नुसती शंका असली, तरी लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे. ती अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते.

काळे पाणी एकदा तोंडात गेले म्हणून निरोगी मुलाच्या बाबतीत घाबरून जाण्याचे कारण नसते. परंतु खेळण्याचे पाणी डोळ्यात उडाल्यानंतर डोळा लाल राहिला, कानातून पाणी येऊ लागले, जुलाब किंवा ताप सुरू झाला, अथवा दम लागून खोकला येऊ लागला, तर घरगुती उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि खेळण्याची गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी. वर उल्लेखलेल्या अभ्यासात ८० टक्के खेळण्यांत लिजिओनेला किंवा स्यूडोमोनास एरुजिनोसा यांसारखे संभाव्य रोगकारक जंतू आढळले होते. अपुऱ्या दिवसांचे बाळ, दमा असलेले मूल किंवा ज्याच्यावर कर्करोगाचे वा प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार सुरू आहेत असे मूल घरात असेल, तर भोकाची खेळणी वापरूच नयेत आणि बाकीच्या खेळण्यांविषयीही डॉक्टरांना आधी विचारावे.

पाणीच गढूळ येत असेल, वास येत असेल किंवा टाकीत गाळ दिसत असेल, तर एकट्या कुटुंबाने खेळणी धुत बसण्यात वेळ घालवू नये. इमारतीच्या टाक्या शेवटच्या कधी साफ झाल्या हे सोसायटीला विचारावे आणि पाण्याची तपासणी करून घ्यावी. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार क्लोरीनने शुद्ध केलेल्या पिण्याच्या पाण्यात ग्राहकापर्यंत पोहोचताना किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते.

नवी, बिनभोकाची, बाहेर वाळवलेली खेळणीही पंधरा दिवसांत डागाळत असतील आणि त्याच वेळी न्हाणीघराच्या छतावर काळे ठिपके, भिंतीला फुगलेला रंग किंवा फरशीच्या सांध्यांत काळेपणा असेल, तर दोष खेळण्यांचा राहिलेला नाही. तेथे एक्झॉस्ट पंखा पुरेसा नसतो. वरच्या मजल्याची गळती किंवा भिंतीतील नळ फुटलेला असण्याची शक्यता असते आणि त्यासाठी प्लंबर व वॉटरप्रूफिंगचे काम करणारा जाणकार माणूस बोलवावा लागतो. रंगाचा नवा हात देऊन किंवा बुरशीनाशक फवारून ओल झाकू नये, कारण गळतीची जागा शोधताना त्या माणसाला ओलीचे डाग जसेच्या तसे दिसणे आवश्यक असते. काम पूर्ण होऊन भिंत वाळेपर्यंत खेळणी आणि त्यांची जाळी दोन्ही झोपण्याच्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावी.